जीवा आणि साइन : पाठ्यपुस्तकांच्या लेखक-संपादकांना एक खुले पत्र

प्रति,
शालेय गणित व विज्ञान विषयांच्या मराठी पाठ्यपुस्तकांचे लेखक, संपादक व समीक्षक

विषय : मध्ययुगीन इस्लामी जगातील गणिती व वैज्ञानिकांच्या कामाला मूळ धड्यांमध्ये जागा देण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत ३१ वर्षे गणित आणि अधूनमधून विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो आहे. पाठ्यपुस्तक लिहिणे किती किचकट असते, पानांची मर्यादा किती काटेकोर असते आणि पुस्तक छापून आल्यावर कोण कोणत्या बाजूने तुटून पडेल याचा कसा नेम नसतो, याची मला कल्पना आहे. तरीही एक विनंती आपणांपुढे ठेवतो आहे आणि तिची सुरुवात एका शब्दापासून करतो.

दहावीच्या वर्षात विद्यार्थी ‘वर्तुळ’ या प्रकरणात जीवा शिकतो आणि काही आठवड्यांनी ‘त्रिकोणमिती’ या प्रकरणात साइन शिकतो. पहिला शब्द त्याला घरचा वाटतो, दुसरा परका. हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत, ही गोष्ट मला स्वतःला नोकरीच्या विसाव्या वर्षी कळली आणि तोवर आपण दोन भावंडांना अनोळखी म्हणून वर्गात बसवत होतो याची लाज वाटली. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त आर्यभटाने अर्ध्या जीवांचे कोष्टक दिले. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, त्याची दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा. गणनेला अर्धी दोरी सोयीची पडते म्हणून अर्धज्या, आणि पुढे ‘अर्ध’ गळून नुसतीच ज्या किंवा जीवा. आठव्या शतकात हे गणित बगदादला पोहोचले तेव्हा अरबी लेखकांनी तो शब्द जसाच्या तसा उचलून ‘जीबा’ केला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि ‘जीबा’ला अरबीत काही अर्थही नाही, त्यामुळे पुढच्या वाचकांनी ती अक्षरे ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे वस्त्राची घडी, अंगरख्याचा गळ्यापाशी उघडा राहणारा भाग. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचा इमानेइतबारे अनुवाद केला, ‘सायनस’, आणि त्याचाच पुढे साइन झाला. हिंदीत खिशाला जेब म्हणतात, तो शब्दही हाच जैब. म्हणजे आमचा विद्यार्थी साइनचे कोष्टक पाहतो तेव्हा धनुष्याची दोरी खिशात घालून युरोप फिरून आलेली असते.

(याच ओघात ‘कोज्या’वरून ‘कोसाइन’ झाला असेही बरेच जण उत्साहाने सांगतात. ते मात्र खरे नाही. आपला ‘को’ कोटिज्या या जुन्या संस्कृत शब्दातल्या ‘कोटी’चा आहे, त्यांचा ‘को’ पूरक कोन या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा. असे योगायोग होतात.)

या शब्दाने केलेल्या प्रवासातला मधला, काही शतकांचा टप्पा आमच्या पुस्तकांत जवळजवळ कोरा आहे. मी जी पुस्तके शिकवली त्यांत आर्यभट, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य येतात, पायथागोरस आणि युक्लिड येतात आणि मग एकदम देकार्त आणि न्यूटन. मध्ये कुठे अल-ख्वारिझ्मीचे नाव आलेच तर ते समासातल्या रंगीत चौकटीत, ‘बीजगणिताचा जनक’ अशा एका वाक्यात. चौकट परीक्षेला नसते, म्हणून शिक्षक ती ओलांडतात. असलीच तर एका गुणाच्या रिकाम्या जागेपुरती. माझी विनंती अशी की ही चौकट मोठी करू नये. आपण त्या माणसांचे काम उचलून जिथे ते गणित येते त्याच परिच्छेदात ठेवावे, कारण मुलांना त्या कामाची तिथे खरोखर गरज आहे.

ती गरज मला कुठे दिसली ते सांगतो. वर्गसमीकरण सोडवण्याच्या ज्या रीती आपण शिकवतो, त्यांतल्या पूर्ण वर्गाच्या रीतीपाशी वर्ग हमखास अडतो. ‘मधल्या पदाच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवा’ हे वाक्य मुले पाठ करतात, गणिते सोडवून गुणही घेतात. पण निम्मे का, आणि त्याचा वर्ग का, असे विचारले की सगळे फळ्याकडे बघू लागतात. पहिली काही वर्षे मीही फळ्याकडेच बघत असे.

अल-ख्वारिझ्मीने खलिफा अल-मामूनच्या काळात, म्हणजे नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, बगदादमध्ये लिहिलेल्या ग्रंथात याचे उत्तर आहे. त्या ग्रंथात एकही चिन्ह नाही, अज्ञातासाठी अक्षर नाही, सगळे गणित शब्दांत आहे. त्यातले प्रसिद्ध उदाहरण असे : एका संख्येचा वर्ग आणि त्या संख्येची १० पट मिळून ३९ होतात, तर ती संख्या कोणती? रीत अशी : दहाचे निम्मे पाच, पाचाचा वर्ग २५, तो ३९ मध्ये मिळवला की ६४, त्याचे मूळ ८, त्यातून ५ वजा केले की ३. पडताळा पाहायचा तर तिनाचा वर्ग ९ आणि तिनाची दहापट ३०, मिळून ३९. इथवर ती आपल्या पुस्तकातलीच रीत आहे. पण तो इथे थांबत नाही, लगेच आकृती काढून असे का हे दाखवतो.

एका वर्षी मी तीच आकृती जाड पुठ्ठ्यातून कापून वर्गात नेली. अज्ञात बाजूचा चौरस पुठ्ठ्यातून कापता येत नाही, कुठली तरी लांबी घ्यावीच लागते. मी मुद्दाम तीन एकके घेतली नाहीत, नाहीतर मुलांनी पट्टी लावून उत्तर मोजले असते. एक चौरस आणि त्याच्याच बाजूएवढ्या लांबीच्या, पाच एकके रुंदीच्या दोन पट्ट्या. दहापट म्हणजे या दोन पट्ट्या. एक चौरसाच्या उजवीकडे लावली, दुसरी वर. तिघांचे मिळून क्षेत्रफळ ३९ आहे, असे सांगून मी गप्प राहिलो. पुठ्ठ्याचा आकार मोठ्या चौरसासारखा दिसत होता, पण होत नव्हता. शेवटून दुसऱ्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, “सर, कोपरा राहिला.” कोपरा केवढा, असे विचारल्यावर तीन-चार आवाज एकदम आले, “पाच बाय पाच.” तो पंचवीसचा तुकडा बसवला आणि मोठा चौरस ६४ चा झाला, बाजू ८. ‘पूर्ण वर्ग’ या नावातला वर्ग म्हणजे खरोखरचा, हाताने पुरा करायचा चौरस आहे, हे त्या तासाला पहिल्यांदा कळले. मुलांना कळले तसे मलाही.

आता या ग्रंथाच्या नावाकडे पाहावे. त्यात ‘हिसाब’, ‘अल-जब्र’ आणि ‘अल-मुकाबला’ हे शब्द आहेत. हिसाब म्हणजे आपला हिशेब. मुकाबला तर मराठीत जसाच्या तसा आहे. समीकरणाच्या दोन बाजू समोरासमोर ठेवून सारखी पदे दोन्हीकडून काढून टाकणे, हा त्याचा गणिती अर्थ. जब्र म्हणजे मोडलेले सांधणे. वजा झालेल्या पदामुळे बाजू जणू मोडलेली आहे असे धरून ते पद दोन्हीकडे मिळवायचे आणि ती बाजू सांधायची. आपण त्याला पक्षांतर म्हणतो आणि ‘बाजू बदलली की चिन्ह बदला’ असा मंत्र देतो. स्पॅनिश भाषेत पूर्वी हाडवैद्याला याच शब्दावरून ‘अल्हेब्रिस्ता’ म्हणत. मराठी मुलाला यातले काहीही दुरून आणून सांगावे लागत नाही. पहिली-दुसरीत ते ‘वजाबाकी’ शिकते तेव्हाच ‘वजा’ आणि ‘बाकी’ असे दोन अरबी शब्द त्याच्या पाटीवर आलेले असतात. आणि या ग्रंथाचा मोठा हिस्सा वारसांतल्या वाटण्यांच्या उदाहरणांचा आहे, हेही सांगण्याजोगे आहे. बायको, मुलगे, मुली आणि मृत्युपत्रातले हिस्सेदार यांच्यात मालमत्ता कशी विभागायची, हा प्रश्न तेव्हाच्या काझीला रोज पडत असे, आणि भावकीतली वाटणी म्हणजे काय हे आमच्या गावातल्या मुलांना समजावून द्यावे लागत नाही.

‘जनक’ हा शब्द मात्र आपण काढून टाकावा असे मला वाटते. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ‘ब्रह्मस्फुटसिद्धान्ता’त वर्गसमीकरणाची रीत दिली होती, शून्याचे आणि धन-ऋण संख्यांचे नियम सांगितले होते. अल-ख्वारिझ्मी ऋण संख्या मानत नाही. म्हणूनच त्याला एकाच वर्गसमीकरणाचे अनेक प्रकार वेगवेगळे हाताळावे लागतात आणि त्याच्याकडे समीकरणांचे एकूण सहा प्रकार होतात. या बाबतीत तो ब्रह्मगुप्ताच्या मागे आहे, हे सरळ लिहावे. त्याच परिच्छेदात हेही लिहावे की प्रत्येक प्रकार वेगळा काढून, त्याची रीत सांगून, ती का चालते हे आकृतीने सिद्ध करण्याची शिस्त त्याने घालून दिली आणि बीजगणित हा स्वतंत्रपणे शिकवता येणारा विषय झाला. पुढे उमर खय्यामने (१०४८ ते ११३१) त्याच शिस्तीने घनसमीकरणांचे प्रकार पाडले आणि शंकुच्छेदांच्या, म्हणजे शंकू कापल्यावर मिळणाऱ्या वक्ररेषांच्या, छेदनबिंदूंतून त्यांची उत्तरे काढली. आपल्याकडे त्याची ओळख रुबायांपुरती राहिली आहे.

अंकांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, पण तीही अर्धीच. भारतीय अंक अरबांमार्फत युरोपात गेले, एवढे आपण अभिमानाने सांगतो, जणू अरबांनी फक्त पार्सल पोहोचवले. दमास्कसमध्ये ९५२-५३ च्या सुमारास अल-उक्लिदिसी नावाच्या गणितीने भारतीय अंकगणितावर ग्रंथ लिहिला. तोवर हे गणित धुळीच्या पाटीवर होई. आमच्या आजोबांच्या पिढीला धूळपाटी आणि धुळाक्षरे माहीत होती, म्हणून हे चित्र मराठी वाचकाला लगेच दिसेल : पाटीवर धूळ पसरायची, बोटाने आकडे काढायचे, हातचा बदलला की जुना आकडा पुसून त्या जागी नवा. उत्तर हाती येते पण वाट पुसली जाते, मग चूक कुठे झाली ते शोधायचे कसे? उक्लिदिसीचे म्हणणे असे की ही पाटी सोडून शाई आणि कागद घ्यावा, आणि त्यासाठी त्याने रीतीच बदलून दिल्या. त्याची आणखी एक तक्रार फार माणसासारखी आहे. रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे लोकही हीच धुळीची पाटी वापरतात, तेव्हा भल्या गणित्याने ती घेऊन बसणे शोभत नाही! याच ग्रंथात तो १९ ही संख्या पुन्हापुन्हा निम्मी करत जातो : साडेनऊ, मग पावणेपाच, आणि पाचव्या वेळी आपण आज ०.५९३७५ असे लिहितो ती संख्या. एकक कुठला हे कळावे म्हणून तो त्यावर छोटी खूण करतो. दशांश अपूर्णांकांचा आज माहीत असलेला हा सर्वांत जुना लेखी वापर मानला जातो. पाचवीत दशांशचिन्ह शिकवताना हे अर्ध्या पानात सांगता येईल, आणि गणित करताना मागच्या पायऱ्या खोडू नका, असे आपण मुलांना का सांगतो तेही त्याच अर्ध्या पानात येईल.

त्रिकोणमितीकडे परत येतो, कारण सर्वांत जास्त काम तिथे झाले आहे. आमच्या पुस्तकांत ती झाडाची उंची आणि दीपगृहावरून दिसणारी बोट यांतच अडकली आहे. बगदाद, रक्का, काहिरा, इस्फहान इथल्या लोकांना तिची गरज वेगळ्या कारणाने पडली. नमाजाची वेळ सूर्याच्या स्थानावरून ठरते. दुपारनंतरच्या ‘अस्र’च्या नमाजाची वेळ तर सावलीच्या लांबीवरूनच ठरते. टॅन्जंटला अरबीत ‘झिल्ल’ म्हणत, म्हणजे सावली. आपल्या जुन्या ज्योतिषातला शंकू आणि त्याची छाया, हाच तो प्रकार. मक्केची दिशा काढायची तर पृथ्वीच्या गोल पृष्ठावरचे त्रिकोण सोडवावे लागतात, कागदावरचे सपाट त्रिकोण कामाला येत नाहीत. या निकडीतून अबुल वफा (९४० ते ९९८) आणि त्याच्या समकालीनांनी आज आपण वापरतो ती सहाही गुणोत्तरे आणि गोलीय त्रिकोणांचे नियम पक्के केले, आणि तेराव्या शतकात नासिरुद्दीन तुसीने त्रिकोणमितीला खगोलशास्त्रापासून सुटे करून स्वतःचा ग्रंथ दिला. ९९७ मध्ये अबुल वफाने बगदादहून आणि तरुण अल-बिरूनीने मध्य आशियातल्या ख्वारझममधल्या काथ इथून, आधी ठरवून, एकच चंद्रग्रहण पाहिले आणि दोन्हीकडच्या स्थानिक वेळांतल्या फरकावरून दोन शहरांच्या रेखांशांतला फरक काढला. भूगोलात स्थानिक वेळ शिकवताना याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

या अल-बिरूनीची (आपण त्याला अल्बेरुनी म्हणतो) दुसरी एक मोजणी तर स्पर्शिका-त्रिज्या प्रमेयाशेजारीच छापावी अशी आहे. आज पाकिस्तानच्या पंजाबात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या एका डोंगराची उंची त्याने आधी कोनांवरून मोजली, ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावर जाऊन, समोरच्या सपाट मैदानाचे क्षितिज आडव्या रेषेच्या किती खाली दिसते तो कोन मोजला. कोन आला ३४ कला, म्हणजे जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. डोळ्यापासून क्षितिजाला जाणारी रेषा ही पृथ्वीची स्पर्शिका, तिथे पोहोचणारी त्रिज्या तिला लंब, आणि पृथ्वीचे केंद्र, क्षितिजबिंदू व डोंगरमाथा मिळून काटकोन त्रिकोण. उत्तर आले सुमारे १ कोटी २८ लाख हात त्रिज्या. आकृती दहावीच्या विद्यार्थ्याला दोन मिनिटांत काढता येते. रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या शाळांना तर समुद्राचे क्षितिज आयतेच आहे. १०० मीटर उंचीवरून ते सुमारे १९ कला खाली असते, आणि एवढा कोन घरगुती साधनाने मोजताना जी त्रेधा उडते तीच बिरूनीच्या उपकरणांची खरी ओळख ठरेल.

इथे एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘बिरूनीने पृथ्वीची त्रिज्या ९९ टक्के अचूक काढली’ असे वाक्य फार फिरते. त्याचा हात नेमका किती सेंटिमीटरांचा, हे निर्विवाद ठरलेले नाही. कोणता हात धरायचा यावर ती अचूकता कमी-जास्त होते. शिवाय क्षितिजापाशी हवेतून प्रकाश वाकतो, त्याचा परिणाम त्याच्या कोनात मिसळलेला आहे. रीत अस्सल आहे, टक्केवारी नंतर चिकटवलेली आहे. ही गोष्ट मुलांपासून लपवण्यापेक्षा तिच्यावरच एक स्वाध्याय द्यावा.

आपल्यापैकी कोणी तरी बैठकीत विचारील की बिरूनी हिंदुस्थानात आला तो कोणाबरोबर? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळू नये. गझनीच्या महमूदाच्या पदरी राहून, त्याच्या स्वाऱ्यांमुळे मोकळ्या झालेल्या वाटेने तो इथे आला. पण त्याच महमूदाने या देशाची समृद्धी धुळीला मिळवली, इथले लोक धूलिकणांसारखे उधळले गेले आणि त्यांच्या विद्या जिंकलेल्या प्रदेशातून दूर निघून गेल्या, असे लिहून ठेवणाराही बिरूनीच आहे. १०३० च्या सुमारास पुरा झालेला त्याचा हिंदुस्थानवरचा ग्रंथ संस्कृत शिकून, पंडितांशी बोलून, सिद्धान्तग्रंथ वाचून लिहिलेला आहे. त्यात स्तुती आहे आणि खडे बोलही आहेत. इतिहासाच्या पुस्तकात महमूद असू द्यावा, भूमितीच्या पुस्तकात बिरूनी असावा, आणि दोघांचा संबंध कोणी विचारला तर शिक्षकाजवळ उत्तर असावे.

विज्ञानाच्या पुस्तकाबद्दल थोडक्यात लिहितो. सूचिछिद्र प्रतिमाग्राहक (पिनहोल कॅमेरा) आपण मुलांना करायला लावतोच. इब्न अल-हैथम, जन्म बसऱ्याचा आणि हयात काहिराची, याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रकाशावर सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातला एक प्रयोग असा : अंधाऱ्या खोलीला एकच छिद्र, बाहेर छिद्रासमोर वेगवेगळ्या जागी मांडलेले अनेक दिवे. आत भिंतीवर दिव्यांइतकेच उजेडाचे ठिपके उमटतात. एक दिवा झाकला की नेमका एकच ठिपका जातो, उघडला की परत येतो. म्हणजे सगळ्यांचे किरण एकाच छिद्रातून जाऊनही एकमेकांत मिसळत नाहीत, आपापल्या सरळ रेषेत जातात. तीन मेणबत्त्या आणि एक पुठ्ठा घेऊन मी हे अनेकदा केले आहे. वीज गेलेली असेल तर प्रयोग अधिक चांगला होतो, आणि आमच्या गावी ती सोय भरपूर होती. डोळ्यातून किरण निघून वस्तूला स्पर्श करतात, ही जुनी समजूत त्याने खोडून काढली ती अशाच तपशिलांच्या जोरावर. त्याच्याही आधी, ९८४ च्या सुमारास, बगदादच्या इब्न सह्लने भिंगांवर लिहिताना अपवर्तनाचा जो भौमितिक नियम वापरला तो आपण आज स्नेलच्या नावाने शिकवतो. स्नेलचे काम १६२१ चे. नियमाचे नाव बदला असे मी म्हणत नाही, साऱ्या जगात तेच चालते, पण नावापुढे एक ओळ घालायला काय हरकत आहे? वैद्यकातल्या इब्न सिना आणि इब्न अल-नफीस यांच्याबद्दल लिहिण्याचा माझा अधिकार नाही. तो भाग जीवशास्त्राच्या जाणकारांवर सोडतो.

शीर्षक काय द्यावे, हा वाद मंडळात नक्की होणार. मी विषयाच्या ओळीत ‘इस्लामी जग’ लिहिले आहे आणि ते विचारपूर्वक लिहिले आहे. ‘अरब’ म्हणावे तर अल-ख्वारिझ्मी, बिरूनी, खय्याम आणि तुसी हे इराण व मध्य आशियातले. ‘मुस्लिम’ म्हणावे तर ग्रीक वैद्यक अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता आणि भूमितीतला दिग्गज साबित इब्न कुर्रा हर्रानच्या नक्षत्रपूजक पंथातला होता. त्यांना बांधणारी गोष्ट म्हणजे अरबी ही विद्येची भाषा आणि तिला आश्रय देणाऱ्या राजवटी. हे दोन वाक्यांत लिहिता येते. माझ्या वर्गात एकदा दोन मुलांनी एकाच आठवड्यात मोबाइलवरचे दोन निरोप दाखवले होते. एकात जगातले सगळे शोध मुसलमानांनी लावले असे होते, दुसऱ्यात अरबांनी सगळे आपलेच चोरले असे होते. दोन्ही मुले हुशार होती, आणि दोघांच्या पुस्तकात त्या काळाबद्दल काहीच नसल्यामुळे दोघांनाही खोडून काढणारा कागद माझ्या टेबलावर नव्हता. कोऱ्या पानावर कोणीही काहीही लिहून जातो.

आणखी एक गैरसमज पुस्तकांतूनच पसरतो, तो असा की १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद जाळले आणि हे सगळे संपले. ज्या हुलागूने बगदाद लुटले त्याच्याच पैशातून पुढच्या वर्षी, १२५९ मध्ये, तुसीने इराणमधल्या मराघा इथे वेधशाळा उभी करायला घेतली. दमास्कसच्या मशिदीत नमाजाच्या वेळा काढणाऱ्या इब्न अल-शातिरने (१३०४ ते १३७५) चंद्राच्या गतीची जी रचना मांडली तीच कोपर्निकसच्या ग्रंथात दिसते. समरकंदला, स्वतः ज्योतिर्विद असलेल्या उलूग बेगच्या पदरी, अल-काशीने १४२४ मध्ये ८० कोटींहून अधिक बाजूंची बहुभुजाकृती घेऊन पायची किंमत १६ दशांश स्थळांपर्यंत काढली. त्याच सुमारास केरळात माधवाची परंपरा अनंत श्रेढींनी पायची किंमत ११ स्थळांपर्यंत काढत होती. दोघांना एकमेकांची वार्ता असल्याचा पुरावा नाही. हे दोन परिच्छेद शेजारी शेजारी छापले तर वाचणाऱ्या मुलाला किती मजा येईल!

आणि विद्येची ही वाट एकेरी नव्हती. ७७३ च्या सुमारास एक भारतीय पंडित सिद्धान्तग्रंथ घेऊन खलिफा अल-मन्सूरच्या दरबारी गेला, ते अरबीत आले. तसे पुढे तिकडचेही संस्कृतात आले. फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयाला असलेल्या महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० मध्ये अ‍ॅस्ट्रोलेब या ग्रहताऱ्यांची उंची मोजण्याच्या उपकरणावर ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये फारसीत नेली. आणि सवाई जयसिंगासाठी जगन्नाथ सम्राटाने युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली ती ग्रीकवरून नव्हे, तुसीच्या अरबी पाठावरून. त्या ग्रंथाचे नाव ‘रेखागणित’.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पूर्ण वर्गाच्या रीतीत ३९ चे उदाहरण त्याच्या आकृतीसह यावे. दशांशाच्या पहिल्या पाठात धूळपाटी यावी. स्पर्शिकेच्या प्रमेयाखाली नंदनाचा डोंगर उदाहरण म्हणून यावा, अचूकतेबद्दलच्या शंकेसह. सूचिछिद्राच्या कृतीत एका दिव्याऐवजी तीन दिवे असावेत. हे सारे स्वाध्यायात असावे, म्हणजे ते शिकवले जाईल. पाने वाढत असतील तर माझ्या हिशेबाने चारपेक्षा जास्त वाढणार नाहीत, आणि त्यासाठी रंगीत चौकटी काढून टाकल्या तरी कोणाची तक्रार येणार नाही.

एवढेही या आवृत्तीत शक्य नसेल, तर निदान ‘वर्तुळ’ प्रकरणात जीवेच्या व्याख्येखाली ही ओळ छापावी. मजकूर मी तयार करून देतो, हवा तसा सुधारून घ्यावा : “जीवा हा शब्द अरबीत जीबा, पुढे जैब झाला, त्याच्या लॅटिन भाषांतरातून साइन हा शब्द आला. त्रिकोणमिती या प्रकरणात तो पुन्हा भेटेल.”

कळावे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक